गोदाक्काचा ठोंब

शके अठराशे चौऱ्याण्णव, फाल्गुन वद्य. होळी होऊन गेली होती आणि विहिरीचा तळ उघडा पडला होता.

शेवंती आठ वर्षांची. आई पौषात तापानं गेली. बाप त्याआधीच लांब कुठे खडी फोडायला गेला होता, तो परतला नव्हता. घरात एक चूल, एक तांब्या. परसात पातीच्या कांद्याचा एक ठोंब, आणि तोही शेजारच्या गोदाक्काचा. जाताना आई एवढंच म्हणाली होती, "आक्काचा ठोंब परत दे गं, शेवंते. उसना आणलाय."

हा कांदा उपटायचा नसतो. वरची पात कापायची. खाली तो फुटत राहतो, एकाचे चार होतात. चांगला फुटला की अर्धा आक्काला द्यायचा, असं ठरलं होतं. पण यंदा पात पिवळी पडली, मग तिचं काड झालं.

गोदाक्का रोज सकाळी कुंपणावरून अर्धी भाकरी द्यायची आणि ठोंबाकडे बघायची.

"मेला का गं?"

"नाही आक्का. झोपलाय."

"झोपलाय म्हणे! माझा वाफा तर पार जळाला. चाळीस वर्षांपूर्वी माहेरहून पदरात बांधून आणला होता. तुझ्या आईला दिला तेवढाच उरला." तिनं पदरानं नाक पुसलं. "खा ती भाकरी. माझं तोंड काय बघतेस?"

शेवंतीच्या वाट्याला तांब्याभर पाणी यायचं. अर्धं ती प्यायची, अर्धं ठोंबाला घालायची. एका पहाटे पाणी घातलं आणि ती तिथंच रडत बसली. डोळ्यातला थेंब काडावर पडला.

तोच काडाच्या टोकाला पांढरंशुभ्र फूल उमललं. इवल्याइवल्या चांदण्यांचा चेंडूच! त्यातून करंगळीएवढी परी बाहेर आली. झगा पोपटी, पंख चंदेरी, पाय मात्र मातीनं भरलेले.

"खाली तीन कांदे जिवंत आहेत," परी किणकिणली. "एक उपटलास की एक इच्छा पुरी. पण इच्छेसाठी उपटलेला पुन्हा रुजणार नाही, हा नियम."

"आई येईल?"

परीचे पंख मिटले. "नाही गं, चिमणे. गेलेलं माणूस माझ्यानं आणवत नाही."

"मग बाबा?"

"येईल. आजच येईल."

शेवंतीनं मातीत बोटं घातली. गार, गुळगुळीत कांदा हाताला लागला. तिला बाबा दारात उभा दिसला, खांद्यावर घोंगडी टाकलेला. बोटं तिथंच राहिली. मग तिनं हात काढून घेतला आणि माती दाबून सारखी केली.

"माझे नाहीत हे. गोदाक्काचे आहेत."

"एक गेला तर तिला कळणारही नाही," परी हळूच म्हणाली.

"न कळू दे. उसने आहेत."

परी वाकली. चिमुकले दोन्ही तळवे तिनं कोरड्या मातीवर टेकले. सोनेरी, हिरवा, मोतिया उजेड परसभर सांडला, आणि ओसरला तेव्हा परी नव्हती. ठोंब वीतभर हिरवागार उभा होता. पातीपातीवर दवाचे मणी चमकत होते. तिनाचे बारा झाले होते.

शेवंतीनं आधी रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं.

तिनं खुरप्यानं ठोंब अलगद उचलला, मधोमध फोडला, आणि अर्धा परत मातीत लावला. दुसऱ्या अर्ध्याची पात आई छाटायची तशी छाटली. आईच्या लुगड्याच्या चिंधीत तो बांधला आणि कुंपणापाशी गेली.

"आक्का, आईनं आणला होता तो."

गोदाक्कानं पदर पसरला. शेवंतीनं ठोंब त्यात ठेवला.

उसनं फिटलं.