डोणवडीच्या पागेची फरशी

एवढं जपून चालू नका, इथं कुणी घसरत नाही. सरदाराचे चाळीस घोडे या पागेत असायचे. छत बघा केवढं उंच आहे. झरोके घोड्याच्या डोक्यावर काढलेत, म्हणजे वारा खेळतो पण जनावराच्या अंगावर येत नाही. घाण वाहून जायला जमिनीला ढाळ दिलाय. येणारे सगळे त्या कमानींचे फोटो काढतात. काढा बापडे. मी केरबा, पन्नास वर्षं गवंडीकाम केलं, मी तुम्हाला खालीच बघायला सांगणार. बोटाबोटाच्या अंतरावर टाकीचा घाव आहे. हे सगळे घाव एकाच माणसाचे, असं आमच्याकडं सांगतात.

त्याचं नाव रखमाजी पाथरवट. सरदारानं त्याला सांगितलं, पाहुण्यांनी तोंडात बोट घालावं अशी पागा बांध. रखमाजीनं तशी बांधलीही. सगळं घोड्याच्या सोयीनं केलं आणि फरशीपाशी येऊन त्याला मोह पडला. घोटून घोटून त्यानं ती अशी केली की कमानी तिच्यात उलट्या दिसायच्या. त्याचा धाकटा भाऊ सटवा सरदाराचा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा. तो म्हणाला, "दादा, घोड्याच्या पायाला लोखंडी नाल असतो. फरशी ओली झाली की जनावर उभं राहायचं नाही. टाकी मारून खरबरीत कर."

"तू लीद काढ. दगडातलं मला शिकवू नकोस," रखमाजी म्हणाला. भावाभावांत एवढंच बोलणं झालं म्हणे. मला तर त्या रखमाजीचा अजून राग येतो. कसबी माणूस, त्याला हे कळत नव्हतं असं कसं म्हणायचं?

दसऱ्याला पागेची वास्तुशांत झाली. फरशी धुतली होती. सरदारानं चारचौघांत रखमाजीच्या खांद्यावर शेला घातला, आणि सटवानं पहिली घोडी आत आणली. बाहेर हलगी वाजली, घोडी बुजली, तिचे चारही पाय एकदम सुटले. सटवा तिच्या आणि दगडी गव्हाणीच्या मध्ये चिरडला. लोक धावले तोवर संपला होता.

रखमाजी ज्याला त्याला सांगत सुटला, घोडी बुजली, फरशीत खोट नाही. तेराव्याला सटवाची बायको गुणाई त्याला पागेत घेऊन आली. मागून सगळा गाव आला. तिनं फरशीवर पाणी ओतलं, नवऱ्याच्या नाल ठोकलेल्या वहाणा रखमाजीपुढं ठेवल्या आणि भरली घागर त्याच्या हातात दिली.

"खोट नाही ना, भाऊजी? मग चालून दाखवा."

रखमाजीनं वहाणा घातल्या. उंबऱ्यावरून पाय उचलला आणि तो पाय त्याला पुढं टाकवेना. सगळ्या गावानं ते पाहिलं.

शेला तिथंच टाकून त्यानं टाकी हातात घेतली. सरदारानंही अडवलं नाही, कारण एकही घोडा त्या फरशीवर पाय ठेवायला तयार नव्हता. दोन वर्षं तो एकटाच घाव मारत होता, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हता. दगडाची धूळ छातीत बसली, खोकताना रक्त पडायला लागलं. काम झालं तेव्हा त्यानं गुणाईला बोलावलं. तिच्यासमोर पाणी ओतून, त्याच वहाणा घालून, भरली घागर घेऊन तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मग तिच्याकडं बघत उभा राहिला.

"चांगली झाली," गुणाई म्हणाली. "पण आता चालायला माझा धनी कुठनं आणू?"

 त्याच आठवड्यात रखमाजी गेला, असं सांगतात.

आजही डोणवडीत गोठा असो की घर, फरशी झाली की घरची बाई तिच्यावर पाणी ओतते आणि गवंड्याच्या हातात भरली घागर देऊन "चालून दाखवा" म्हणते. गवंडी उंबऱ्यावर अडला तर वाद होत नाही, फरशी उखडतात. मी शंभर तरी फरशा चाललो असेन, दर वेळी उंबऱ्यावर रखमाजी आठवायचा, खोटं कशाला सांगू. पलीकडं पोचलं की बाई घागर उतरवून घेते, गूळपाणी देते. चांगली झाली, असं मात्र कुणी म्हणत नाही.