लहान दाराचा भाव

पक्षी घर करायला कारागीर लावत, त्या काळची ही गोष्ट. साळुंकीची अंडी घालायची वेळ जवळ आली, तेव्हा आंब्याच्या खोडात ढोली कोरून घ्यायला तिने सुतारपक्ष्याला बोलावलं.

त्याने खोडावर टकटक करून पाहिलं आणि भाव सांगितला. "मोठं दार हवं तर मुंग्यांचं एक वारूळ दाखवा. लहान हवं तर दोन."

"अहो, लहानाला जास्त? असं कसं?"

"लहान दारातून माझी मान आत जात नाही, बाई. चोचीच्या टोकाने थोडं थोडं कोरत बसावं लागतं."

हा आपल्याला नवखी समजून लुबाडतोय, असं साळुंकीला वाटलं. "मग मोठंच करा," ती म्हणाली.

ढोली तयार झाली. साळुंकी आत शिरून कौतुकाने बघत होती, तोच अंधारलं. कावळ्याने खांद्यापर्यंत मान आत घातली होती. "वा वहिनी, ऐसपैस आहे की! अंडी कधी?"

साळुंकी दचकून ढोलीच्या मागच्या भिंतीला चिकटली. तो गेल्यावर तिने थेट सुतारपक्ष्याला गाठलं. "हेच दार लहान करून द्यायला काय घ्याल?"

"मला फक्त काढता येतं, बाई. काढलेलं लाकूड परत बसवता येत नाही."

"मग नवी ढोली, लहान दाराची?"

"दोन वारुळं. आणि आधीचं एक आहेच."

"तिन्ही दाखवते, चला," साळुंकी म्हणाली. "पण कावळ्याचं डोकं नेमकं केवढं असतं हो?"