सुभाना गवंड्याचं साणं

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची. जे सांगतात त्यांनीही ती ऐकलेलीच, पण खापरवाडीत कुणी तिला खोटं म्हणत नाही.

खापरवाडी बालाघाटाच्या पायथ्याशी आहे. तिथला उन्हाळा असा, की चैत्रातच दगडाला हात लावावा आणि फोड घेऊन परत यावं. त्या गावात सुभाना नावाचा गवंडी होता. दोन हात रुंद मातीच्या भिंती, वर मातीचंच सपाट माळवद, आणि झळ शिरायला बोटभर फट नाही, असं त्याचं काम. वैशाखात बाहेर कावळे चोच वासून बसायचे आणि सुभानानं बांधलेल्या घराच्या पुढच्या सोप्यात पुरुषमाणसं घोंगडं पांघरून झोपायची, असं म्हणतात. घोंगड्याचं जरा जास्तच झालं. पण गावाला सुभानाचा अभिमान होता, आणि सुभानाला स्वतःचा त्याहून चार बोटं अधिक होता.

अशी चाळीस घरं त्यानं उभी केली. स्वतः मात्र गवताच्या छपरात राहायचा आणि अंगणातल्या चुलीवर भाकरी थापायचा. बायको लवकर गेली होती, घरात एकुलती एक मुलगी, सगुणा. आणि गवंड्यांची एक रीत होती. नव्या घरात एकदा चूल पेटली, की गवंड्यानं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. ती जागा बायकांची. त्यामुळे आपण बांधलेल्या स्वयंपाकघरात चूल पेटल्यावर काय होतं, हे सुभानानं जन्मात पाहिलं नव्हतं.

दरवर्षी पावसाआधी तो घराघरांच्या भिंती तपासायला निघायचा, परसातून, बाहेरूनच. स्वयंपाकघराच्या भिंतीला नेमकं एक बीळ पडलेलं असायचं. अंगठ्याएवढं, जमिनीपासून हात-दीड हात उंच. “उंदरांनी पोखरलं,” म्हणायचा, ओल्या मातीत बाभळीचे काटे कालवायचा आणि बीळ गच्च बुजवून टाकायचा. पुढच्या साली बीळ पुन्हा तिथंच. “आपल्या गावच्या उंदरांना उंची बरी मोजता येते,” असं तो पारावर सांगायचा, आणि सगळा पार हसायचा.

पुढं सगुणाचं लग्न झालं, गावातच, तुळशीरामाच्या घरी, त्याच्या मुलाशी. ते घरही सुभानानंच बांधलेलं. आपली लेक आपल्या हातच्या गारव्यात नांदणार, म्हणून बापाला कोण आनंद! मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवू नये, अशी तेव्हाची चाल. त्यामुळे चार वर्षं तो सोप्याच्या पुढं गेला नाही. रस्त्यात लेक दिसायची ती पदर डोळ्यांवर ओढलेली. मग नातू झाला आणि अक्षय तृतीयेला व्याह्यानं जेवायला बोलावलं.

पुरणपोळीचा बेत होता. सगुणा वाढायला आली. तिनं आधी बोटांनी ताटाची कड चाचपली, मग पोळी ठेवली. तूप वाढलं ते पाटावर. “बाप बघून हरखली पोर,” असं म्हणून तुळशीराम हसला. सुभाना हसला नाही. त्यानं वर पाहिलं. लेकीचे डोळे लालभडक होते आणि बुबुळांवर साय धरल्यासारखं झालं होतं. ओठावर बारीक बारीक जखमांचे वण होते.

“सगुणा, डोळ्यास्नी काय झालं?”

“काय न्हाई, आबा. धूर गेलाय.”

“कवा गेला?”

“नांदायला आले तवापासनं.”

सुभाना भरल्या ताटावरून उठला आणि स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत गेला. आत धूर छातीपर्यंत उतरला होता. धग अशी, की श्वास घ्यावा तर घसा भाजावा. तो धुराखाली बसला, आणि बसल्यावर त्याला ते दिसलं. कणगीच्या मागं, बसलेल्या बाईच्या तोंडाशी येईल इतक्या उंचीवर, भिंतीत अंगठ्याएवढं बीळ होतं. सगळी भिंत काजळीनं काळी, तेवढी बिळाभोवतीची जागा घासून उजळ झालेली. खाली दांडा वाकलेलं उलथनं पडलं होतं. त्यानं बोट घातलं, तर बाभळीचा काटा रुतला.

“हितं तोंड लावून वारा घ्यायचा,” सगुणा मागून म्हणाली. “समद्याजणी घेत्यात.”

“मला सांगितलं का न्हाईस गं?”

“तुमीच तर दरसाल येऊन बुजवत हुता, आबा. मला वाटलं, तुमास्नी ठावं हाय.”

धरणीनं पोटात घ्यावं, असं सुभानाला वाटलं. विहिरीवरच्या कितीतरी बायकांच्या ओठांवर त्यानं ते वण पाहिले होते आणि कधी विचारलं नव्हतं. पारावर तो उंदरांवर हसला होता. आता त्याला स्वतःच्या हातांकडेही बघवेना.

तो बाहेर आला, डोक्यावरचं पागोटं काढून उंबऱ्यात ठेवलं, पहार घेतली आणि भर दुपारी माळवदावर चढला.

“अहो सुभाना, झळ आत येईल! घर तापेल!” खालून तुळशीराम ओरडला.

“घर तापलेलंच हाय, व्याही. निम्म्या घराला ठावं हाय, निम्म्याला न्हाई.”

त्यानं चुलीच्या बरोबर वर माळवद फोडलं. त्या भोकाला तिकडं साणं म्हणतात. त्यातून चार वर्षांचा धूर बाहेर पडला आणि तीन दिवस गावावर सावली धरून राहिला, असं म्हणतात. मग सावलीच्या बाजूच्या भिंतीला, खाली, त्यानं झरोका पाडला. खालून गार वारा आत आला आणि धग वरून निघून गेली. संध्याकाळी सोपासुद्धा कधी नव्हे इतका निवला. इतकी वर्षं संध्याकाळी घाम पुसत ज्या उन्हाला सगळे दोष देत होते, ते ऊन नव्हतंच. ती घरातलीच चूल होती.

मग बाकीची एकोणचाळीस घरं. प्रत्येक उंबऱ्यात बोडकं डोकं खाली घालून तो म्हणायचा, “बाई, माझ्या हातनं बुजलंय. उघडू का?” एका म्हातारीनं त्याला दिवस कलेपर्यंत उन्हात उभं ठेवलं. तो राहिला. चाळिसाव्या घरात तर पहार लागण्याआधीच माती आपणहून सरली आणि वारा आत उतरला, असं म्हणतात. त्याच्या हातांची काजळी मात्र नदीतही निघाली नाही. सोप्यातल्या गारव्याला त्यानं मरेपर्यंत पाठ टेकली नाही.

सगुणाची दृष्टी काही परत आली नाही. ती साण्याखाली बसायची, कपाळ वर करायची आणि म्हणायची, “आबा, वारा आला बघा.” बापाला वर बघता यायचं नाही.

आजही खापरवाडीत नवं घर झालं, की गवंड्याला चुलीशी पाटावर बसवतात आणि दार लावून घेतात. पहिली भाकरी फुगेपर्यंत त्यानं उठायचं नाही. उठल्यावर घरधनीण त्याचे डोळे बघते. पाणी आलं असेल, तर त्यानं पुन्हा पहार घ्यायची. आता तिथं गॅस आला, सिमेंट आलं, तरी हे चुकत नाही. आणि भिंतीला कुठं बीळ दिसलं, तर माती भिजवण्याआधी गवंडी घरातल्या बाईला विचारतो, “बाई, हे उंदराचं का तुमचं?” ती सांगेपर्यंत तो मातीत पाणी घालत नाही.