तोफा आधी कुणी उतरवायच्या?

"भट्टी बंद! धूर दिसला तर एकूण एक मडकं फोडून टाकीन!"

शिंगणगडच्या हिंदुराव राजांचा हा हुकूम दरीतल्या कुंभारवाडीवर येऊन आदळला. हुकमाचं कारण काय, तर समोरच्या ढोलगडावर तोफा होत्या. भट्टीच्या धुराआड त्या हलवल्या, तर राजांना दिसणार कशा? ढोलगडच्या राजालाही यांच्याबद्दल हाच संशय. तोफा पोसता पोसता दोघांनाही घाम फुटला होता. उतरवायला दोघंही तयार होते, पण दोघंही म्हणत, "आधी तो!"

इकडे कच्ची मडकी घरात पडून आणि चुली थंड. शेवटी गोविंदा कुंभाराची लेक सगुणा दोन्ही गड पालथे घालून शिंगणगडाच्या दरबारात येऊन उभी राहिली.

"सरकार, उतरवा की त्या तोफा!"

राजे उसळले. "आणि त्याने लपवून ठेवल्या तर? एवढी शहाणी आहेस, तर दोन्ही गडांच्या तोफा उतरवून दाखव! एकही लपलेली राहता कामा नये! जमलं तर भट्टी पेटव, नाहीतर चाकं उचला आणि दरीतून चालते व्हा!"

सगुणाने डोकं खाजवलं. "सरकार, तुमच्या वाड्यात अशी कोण हाय, जिला कुणीच फसवू शकत न्हाई?"

दरबारात खसखस पिकली. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच मूर्ती उभी राहिली. आत्यासाहेब! फडताळातला लाडू कुणी पळवला हे तोंडाच्या वासावरून ओळखणाऱ्या, दूध मापायच्या आधी गवळ्याला देवाची शपथ घालणाऱ्या. खुद्द राजे त्यांच्यापुढे चळाचळा कापत.

"त्यांना ढोलगडावर झडतीला धाडा. ढोलगडच्या राजांच्या सासूबाई हिकडं येतील. म्या तिथं ईचारून आले."

"तो कबूल झाला?"

"मेणा दारात आणून बसलेत! येवढंच ईचारलं, 'लवकर माघारी तर येणार न्हाईत ना?'"

राजांनी मिशीतल्या मिशीत हसू दाबलं आणि आपलाही मेणा मागवला.

दुसऱ्याच दिवशी आत्यासाहेबांचा निरोप आला. राजे गरजले, "लबाड! गवताच्या गंजीत तोफ लपवली होती!"

"आन् सरकार," सगुणाने हळूच विचारलं, "आपल्या वाड्यात बाळंतीण म्हणून गोधडीखाली निजवली हुती, ती? सासूबाई बाळ बघायला गेल्या, तर तोफच निघाली म्हणं!"

राजे गोरेमोरे झाले. "बरं बरं, फिट्टंफाट! पण आधी उतरवणार कोण? मी मुळीच नाही!"

"घाई कुठं हाय? फकस्त येवढंच ठरलंय, की तुमची शेवटची तोफ उतरंपर्यंत सासूबाईंचा मुक्काम हितंच!"

तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला, "या तुपात भेसळ आहे! कोठीच्या किल्ल्या आणा! आणि हे राजे सूर्य डोक्यावर येईपर्यंत लोळतात, हे खरं का?"

राजे ताडकन उठले. "बैल जुंपा! तोफा खाली न्या! सगळ्या! अगं, तिकडे त्याने सुरुवात केली का?"

"तिथं आत्यासाहेब हायेत, सरकार. त्या राजांनी कवाच बैल जुंपलेत!"

"मग बघत काय बसलात? आपली आधी उतरली पाहिजे!"

दोन्ही गडांवरून तोफा अशा धडाधड खाली आल्या, की दरीत बैलांना उभं राहायला जागा उरली नाही. सासूबाईंचा मेणा वेशीबाहेर पडला, तेव्हा कुठे राजांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

"माग पोरी, काय हवं ते माग!"

"पहिली उतरलेली तोफ द्या, सरकार. भट्टीला धुराडं करते."

"म्हणजे पुन्हा धूर?" राजांच्या भुवया सवयीने वर चढल्या. "आणि त्या धुराआड काही लपवलं तर?"

"आता लपवायला ऱ्हायलंय काय, सरकार?"

राजे पागोटं घसरेपर्यंत हसले. त्यांनी सगुणाला तोफ दिली, वाड्याला लागणाऱ्या सगळ्या मडक्यांचं काम कुंभारवाडीला लावून दिलं, आणि त्याच संध्याकाळी तोफेच्या तोंडातून भट्टीचा पहिला धूर निघाला.