वेणूराणी आणि बांधावरचा दगडी हत्ती

एक होती राणी. तिचं नाव वेणू. वय फार नव्हतं हं तिचं, नुकतीच कुठं गादीवर बसली होती. तिच्या गावाच्या वर एक मोठं तळं होतं. वर तळं, मध्ये मातीचा उंच बांध, आणि खाली सगळं गाव. बांधात पाणी सोडायचं एक लोखंडी दार होतं. त्याला म्हणायचे मोरी. त्या दाराला होती साखळी, आणि साखळी कुणाच्या हातात? दगडी हत्तीच्या सोंडेत. दहा माणसांनी ओढली तरी हलायची नाही. पण दस्तगीर नावाचा माणूस हत्तीच्या कानाशी जाऊन हळूच बोलला, की हत्ती सोंड उचलायचा. मग दार उघडायचं, आणि पाणी पाटानं शेतात जायचं.

दस्तगीर राहायचा मोमीन आळीत. गावातले सगळे मुसलमान तिथंच राहायचे. माग घालून कापड विणायचे. देवीचं पातळसुद्धा तिथंच विणलं जायचं, बरं का.

आता त्या गावाची एक रीत होती. दर बारा वर्षांनी लोक चावडीपुढं जमायचे, हात वर करायचे आणि प्रधान निवडायचे. तेव्हाचा प्रधान होता भैरोपंत. बारा वर्षांत त्यानं बांधावर एक पाटी माती टाकली नव्हती. निवड आली महिन्यावर. लोक विचारणार, पंत, तुम्ही केलंत काय? मग त्यानं काय केलं? लोकांना घाबरवायला सुरुवात केली.

आधी म्हणाला, "दस्तगीर हत्तीच्या कानात काय बोलतो, कुणाला ठाऊक आहे का?" लोकांनी कधी विचारच केला नव्हता. आता करायला लागले.

मग चार गाई आजारी पडल्या. भैरोपंत म्हणाला, "मोमीन आळीच्या बाजूनंच चरून आल्या होत्या, नाही का?"

आणि मग तो राणीकडं गेला. दार लावून घेतलं आणि म्हणाला, "राणीसाहेब, तळं भरलं की ते लोक मोरी उघडणार आणि आपल्याला बुडवणार. मला आतली खबर आहे."

लहानपणापासून राणी त्या बांधाखाली झोपत आली होती. तिला आजवर त्या पाण्याची भीती वाटली नव्हती. त्या दिवसापासून वाटायला लागली.

मग तिनं हुकूम काढला, मोमीन आळीतलं कापड कुणी घ्यायचं नाही. वाटलं, आता बरं वाटेल. नाही वाटलं. मग हुकूम काढला, आळीच्या तोंडाला फाटक लावा, शिपाई उभा करा. त्यानंतर तर भीती दुप्पट झाली. मग तिसरा हुकूम, दस्तगीरला बांधावरून काढा. त्याच्या जागी आला भैरोपंताचा मेहुणा. तो हत्तीलाच घाबरायचा. लांब झाडाखाली बसून राहायचा. मोरी उघडेना, आणि तळं तुडुंब भरत चाललं.

आणि एक दिवस हत्ती घुमायला लागला. घुम्म, घुम्म. भांडी थरथरायची फळीवर. पाळण्यातली पोरं रडायची. दोन दिवस झाले, तीन दिवस झाले, घुमणं थांबेना. लोक म्हणाले, ही मोमीन आळीचीच करणी. भैरोपंत कागद घेऊन आला. "उद्या सकाळी आळी रिकामी करू. माणसं हाकलू, घरं जाळू. शिक्का तेवढा मारा."

राणीनं शिक्का हातात घेतला. पुन्हा खाली ठेवला. ती म्हणाली, "संध्याकाळी मारते."

पंत गेला. राणी बसून राहिली. तिच्या मनात आलं, ज्यांची मला एवढी भीती वाटते, त्यांच्यातलं एक माणूस तरी मी जवळून पाहिलंय का? नव्हतं पाहिलं. मग तिनं दासीचं साधं लुगडं नेसलं, तोंडावर पदर ओढला, आणि भर दुपारी एकटीच निघाली. फाटकावरच्या शिपायाला म्हणाली, राणीसाहेबांचं कापड राहिलंय आणायचं.

आत गेली तर सगळी आळी चिडीचूप. एक माग चालत नव्हता. दारं बंद. एका दाराची फट उघडी दिसली. तिनं हलकेच ढकललं.

आत एक बाई उभी होती. ती दस्तगीरची बायको, हलिमा. राणीला पाहून ती दचकली, आणि राणी तिला पाहून. मग हलिमा म्हणाली, "उन्हातनं आलात. बसा, बाई. पाणी घ्या."

तांब्या पुढं आला. राणीचा हात काही पुढं होईना. मनात आलं, यात काही कालवलं असलं तर? हलिमाला ते समजलं. आपल्या ओंजळीत पाणी ओतून आधी आपण प्याली, मग तांब्या परत पुढं केला. राणी खाली मान घालून प्याली.

तेवढ्यात पेटीमागं काहीतरी हललं. हलिमाची पाच वर्षांची मुलगी होती, नूरी. अंगाचं मुटकुळं करून बसली होती.

राणीनं विचारलं, "कुणाला घाबरतेस गं?"

नूरी म्हणाली, "राणीला. ती येणार आहे. आमचं घर जाळणार आहे. शिपाई म्हणत होता."

आपल्याला कुणी इतकं भीत असेल, हे राणीच्या स्वप्नातही नव्हतं.

आतल्या खोलीत दस्तगीर जमिनीला कान लावून बसला होता. तो म्हणाला, "बांध फुटतोय, बाई. कुठंतरी पाझर लागलाय. हत्ती तेच ओरडून सांगतोय. मी तीनदा फाटकाशी गेलो, तीनदा शिपायानं ढकललं."

राणी म्हणाली, "मी वेणू. राणी. चल माझ्याबरोबर."

नूरी किंचाळली. हलिमा पटकन तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. दस्तगीर उठलाच नाही. म्हणाला, "राणीसाहेब, बांध वाचवायचा तर मोरी उघडावी लागेल. सगळं गाव म्हणतंय मी तेच करणार आहे. माझा हात लागला आणि बांध फुटला, तर माझ्या लेकराला कोण जिवंत सोडेल?"

राणी म्हणाली, "मी पाटात बसते. पाणी पहिल्यांदा माझ्या अंगावर येईल. मलाही भीती वाटते, दस्तगीरचाचा. पण चला."

मग ते निघाले. राणी पुढं, दस्तगीर मागं. फाटकाशी राणीनं पदर मागं सारला, तसा शिपाई बाजूला झाला. गावातले लोक धावत आले. कुणाच्या हातात काठ्या, कुणाच्या हातात धोंडे. भैरोपंत म्हणाला, "बघा, मोरी उघडायला निघाला." राणी वळली नाही, थांबली नाही. बांधावर पोचली आणि खरोखरच पाटात उतरून मांडी घालून बसली. लोकांचे हात जिथल्या तिथं थबकले. बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाण्याची धार लागली होती. आता ती सगळ्यांनाच दिसली.

दस्तगीर हत्तीच्या कानाशी गेला. इतके दिवस लोकांना ज्याचा धसका होता ना, तो काय बोलतो ते राणीनं ऐकलं. तो म्हणाला, "बाबा, सांभाळून. खाली लेकरं आहेत."

हत्तीचे दगडी डोळे उघडले. सोंड हळूहळू वर गेली. साखळी करकरली, दार उघडलं, आणि पाणी आलं धो धो. राणीनं डोळे गच्च मिटले. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं. मग हत्तीनं साखळी आपल्या दगडी सुळ्यात अडकवली, सोंड खाली केली, तिला अलगद उचललं आणि काठावर ठेवलं. पाणी पाटानं शेतांकडं निघून गेलं. तळं उतरायला लागलं.

पण पाझर बुजवायला हवा होता. राणीनं एका शिपायाला फाटक उघडायला पाठवलं. मोमीन आळीतनं माणसं आली, न विकलेल्या कापडाचे गठ्ठे घेऊन. गावातल्यांनी माती आणली. कापड कोंबायचं, माती चोपायची, पुन्हा कापड. संध्याकाळपर्यंत धार थांबली. हत्तीही गप्प झाला.

मग राणीनं सगळ्यांसमोर विचारलं, "पंत, बारा वर्षांत बांधावर एक पाटी माती का नाही टाकलीत?" निवडीच्या दिवशी त्याच्यासाठी एकही हात वर झाला नाही. म्हणजे, त्याच्या मेहुण्याचा झाला.

राणीनं फाटक काढून टाकलं. दस्तगीरला हत्तीजवळ मानानं परत बसवलं. त्याची आणि आळीची माफी मागितली. मोठ्यांनी माफ केलं. नूरीनं नाही केलं. राणी आली की ती पेटीमागं जायची. राणीनं जबरदस्ती केली नाही. दर आठवड्याला यायची, हलिमाशी बोलत बसायची, आणि जायची. असे बरेच महिने गेले. मग एकदा नूरी पेटीमागून आली, राणीजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "तू मला बांध दाखवशील?" राणीनं तिचं बोट धरलं.

पुढं ती सगळी सुखानं राहिली. आता डोळे मिटा पाहू. मी इथंच बसले आहे.