केमनच्या घरट्यावर बसलेली पोर

एकदा काय झालं, सात समुद्रांपलीकडे एक भलीमोठी नदी होती. तिच्या काठी इरासी नावाची बाई टोपल्या विणून पोट भरायची. एके सकाळी ती होडीतून लव्हाळे कापायला गेली. संगतीला तीन वर्षांची लेक, जुसारा.

कापता कापता इरासी जरा लांब गेली. वळून बघते तर जुसारा पानापाचोळ्याच्या ढिगावर बसलेली!

"आई, इथं गरम आहे गं!"

तो ढीग केमनचा होता. केमन म्हणजे आपल्या मगरीची तिकडली चुलत बहीण, बरं का. ती पाला-चिखल गोळा करून त्यात अंडी घालते. पाला कुजतो, तापतो, अंड्यांना ऊब मिळते.

इतक्यात ढिगातून आवाज आला. कँव, कँव. अंड्यांतूनच पिल्लं आईला हाक मारत होती.

मग पाणी थरथरलं. आधी दोन डोळे वर आले, मधे हाडाची कड, चष्मा लावल्यासारखी. मग पाठ. मग अख्खी केमन काठावर आली, होडीची वाट अडवून. इरासी धावत जाऊन लेकीपुढे उभी राहिली. हातातला कोयता तिनं पुढे धरला.

केमन म्हणाली, "तुझं लेकरू माझ्या लेकरांवर बसलंय. उचल."

इरासीनं पोरीला उचलून छातीशी धरलं. पण जाते कुठं? मागे दलदल, पुढे केमन.

केमननं ढीग उकरला, तशी अंडी फुटू लागली. एक पिल्लू जबड्यात घेतलं. दुसरं घेतलं. तिसरंही! इरासीनं डोळे मिटले. स्वतःची पोरं खाणारी आपल्याला काय सोडणार?

जुसारा कुजबुजली, "आई, बघ ना, जिभेवर बसलीयत."

खरंच की! केमन पाण्यात गेली, जबडा उघडला, पिल्लं पोहू लागली.

आता वाट मोकळी होती. पण इरासीच्या पायाशी एक अंडं उरलं होतं. कवच फुटत नव्हतं, आतला आवाज बारीक होत चालला होता. इरासी थबकली. मग कोयता खाली टाकला, अंडं उचललं आणि पाण्यापाशी जाऊन दातांच्या त्या रांगेमधे ठेवलं. हात कोपरापर्यंत आत, बरं का!

केमननं जबडा हळूच दाबला. कट्! पिल्लू बाहेर.

मग केमन वळली आणि गेली. इरासीनं जी होडी हाकली, ती थेट घरी. लेकीला तिनं कितीतरी वेळ कुशीतून खाली ठेवलं नाही. पुढे सगळ्यांची पोरं वाढली, सुखात राहिली.

चला, पाय पांघरुणात. डोळे मिटा बघू.