सशाचा कालचा खेळ

सागाच्या एका दाट जंगलात एक ससा राहत असे, आणि तो टेनिस खेळत असे. हसू नका, बाळांनो. जंगलाच्या कडेला कुण्या हौशी साहेबाने बांधलेला बंगला होता. साहेब कधीच निघून गेला, बंगल्यात वटवाघळे राहू लागली, पण बंगल्यापुढचे टेनिसचे मैदान तेवढे शाबूत राहिले. जाळी कुजली तेव्हा प्राण्यांनी तिच्या जागी गुळवेल ताणून बांधली. रॅकेटच्या तारा तुटल्या तेव्हा सुगरणीने ताडाचे धागे विणून दिले. मग ऊन उतरले की सगळे तिथे जमू लागले. खेळून कुणाला काही मिळायचे नाही. मजा वाटायची म्हणून खेळायचे, एवढेच.

या सशाचे एक दुखणे होते. एके दिवशी तो असा खेळे की बघणाऱ्यांनी तोंडात बोटे घालावीत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सशाचा साधा चेंडूही वेलीपलीकडे जात नसे. असे का, ते त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते. मग तो कारणे शोधत बसे. चांगला खेळला, तर आदल्या दिवशी कुठले गवत खाल्ले ते आठवून तेच गवत हुडकत फिरे. वाईट खेळला, तर रॅकेट धरायची पद्धत बदले, उभे राहायची जागा बदले. एकदा तर बिचाऱ्याने झोपायची कूससुद्धा बदलून पाहिली. फरक शून्य! तरी मनाशी त्याने पक्के धरले होते, की चांगला खेळतो तोच खरा मी. वाईट खेळणारा कुणी दुसराच.

ऐन उन्हाळ्यात मैदानावर संकट आले. बाकीचे रान तापून टणक झाले होते, आणि मैदानाखालच्या मऊ मातीत नागरमोथ्याचे कंद दडले आहेत, हे ओढ्यापलीकडच्या रानडुकराने वासावरून ओळखले. सगळा कळप घेऊन तो आला आणि मैदान उकरणार म्हणून सांगू लागला. नुसत्या खेळाचा प्रश्न असता तर प्राण्यांनी दुसरी जागा पाहिली असती. पण मैदानाच्या एका कोपऱ्यात, उघड्या मातीवर, टिटवीची अंडी होती. टिटवीचे घरटे ते काय, चार खडे आणि मध्ये अंडी! ती उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत, आणि डुकराचे नाक एकदा तिथून फिरले की मागे काही उरत नाही.

त्या जंगलाचा रिवाज असा होता, की जागेचा तंटा त्या जागेच्या रीतीने सोडवायचा. डोहावरून भांडण झाले तर पोहून, झाडावरून झाले तर चढून. म्हणून म्हाताऱ्या नीलगायीने निवाडा दिला, की उद्या संध्याकाळी दोन्ही बाजूंच्या एकेकाने खेळावे. जो आधी दहा गुण करील, त्याचे मैदान. डुक्कर तयारच होता. तोही अधूनमधून इथे खेळायला येत असे. त्याच्या खेळात देखणे असे काही नव्हते. आलेला चेंडू परत टाकायचा, काल जसा तसाच आज.

आता नेमके निवाडा झाला त्याच संध्याकाळी, थोड्या वेळापूर्वी, आपला ससा अफाट खेळला होता. मैदानाच्या रेषेलगत सणसणीत फटके मारून त्याने तिघांना लागोपाठ हरवले होते, आणि ती धुंदी अजून उतरली नव्हती. नीलगायीने इकडून कोण खेळणार म्हणून विचारताच तो छाती काढून पुढे झाला. कोपऱ्यातल्या टिटवीकडे वळून म्हणाला, "ताई, तू निवांत बस. उद्या मी आहे."

टिटवीने त्याचे वाईट दिवसही पाहिले होते. पण दुसरे कुणी पुढे येईना, तेव्हा तिने होकारार्थी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सशाने आदल्या दिवसाची नक्कल सुरू केली. तेच गवत, तीच पायवाट, त्याच दगडामागे दुपारची डुलकी. संध्याकाळी तो मैदानावर आला, हात मोकळा करायला म्हणून एक चेंडू मारला, आणि तो थेट वेलीत जाऊन अडकला. दुसरा चेंडू रेषेबाहेर गेला, तिसरा रॅकेटला लागलाच नाही. बाळांनो, त्या क्षणी त्याला कळून चुकले की आजचा दिवस तसला आहे. पण शब्द देऊन झाला होता, आणि खेळणारा बदलायची रीत नव्हती.

खेळ सुरू झाला. ससा जीव खाऊन फटके मारी आणि चेंडू भलतीकडेच जाई. पलीकडे डुक्कर आपला आलेला चेंडू परत टाकत होता, ना घाई ना गडबड. प्रत्येक गुणानंतर ससा काहीतरी बदलून पाही. कधी पंजा वर सरकवी, कधी दोन पावले मागे उभा राही, कधी आणखी जोरात मारी. रेषेलगतचा तो कालचा फटका एकदा बसला की सगळे जमेल, असे त्याला वाटत होते, आणि तोच बसत नव्हता. डुकराचे सात गुण झाले तेव्हा सशाचे दोन होते. कडेला उभा असलेला कळप खुरांनी माती उडवू लागला होता, आणि एक दांडगट डुक्कर तर बोलता बोलता त्या कोपऱ्याच्या बाजूला सरकला होता. टिटवी पंख पसरून अंड्यांवर दबून बसली होती.

डुक्कर पाणी प्यायला थांबला, तेवढ्यात टिटवी उठून सशाजवळ आली. तो तिच्याकडे पाहीना. कालचा हात आज कुठे गेला कोण जाणे, असे काहीतरी तो पुटपुटत राहिला.

"कालच्या सशाला बोलावणी धाडू नकोस, तो काही येत नाही," टिटवी म्हणाली. "आज जो आला आहे, त्याला काय येते ते सांग."

सशाला राग आला, मग लाज वाटली. त्याने पहिल्यांदाच स्वतःकडे नीट पाहिले. पंजा कापत होता, नेम धड नव्हता, जोर लावला की चेंडू बाहेर जात होता. पाय मात्र ठीक होते.

"पळता येते," तो हळूच म्हणाला.

"मग पळ."

आणि ससा पळू लागला. फटके मारायचे त्याने सोडूनच दिले. चेंडू जिथे पडेल तिथे धावायचे आणि कसाबसा वेलीपलीकडे ढकलायचा, बस्स. बघायला अगदी केविलवाणे दिसत होते. फांदीवरचे पोपट कंटाळून आपापसात बोलू लागले. पण चेंडू परत जात होता. डुकराला एवढा वेळ खेळायची सवय नव्हती. त्याचा श्वास फुलला, पाय जड झाले, आणि त्याच्या हातून चुका होऊ लागल्या. सशाचे चार झाले, सहा झाले. डुकराने मध्येच दोन गुण काढले, तेव्हा टिटवीने डोळे मिटून घेतले. ससा पळतच राहिला. शेवटी दोघांचे नऊ-नऊ झाले आणि पोपटही गप्प बसले.

शेवटचा गुण. दमलेल्या डुकराचा चेंडू उंच उडाला आणि अगदी अलगद सशासमोर आला. कालच्या फटक्यासाठी याहून चांगला चेंडू मिळाला नसता. सगळे जंगल श्वास रोखून उभे राहिले. डुक्करही काय येणार ते ओळखून धडपडत पार मागे गेला. सशाचा पंजा वर उठला. मारावा, मारावा, असे त्याचे सगळे अंग म्हणत होते. पण पंजा अजूनही कापत होता, आणि ते त्याला या वेळी कळत होते. त्याने रॅकेट खाली घेतली आणि चेंडू हलकेच वेलीपलीकडे टाकला. डुक्कर धावला. त्याचे नाक चेंडूपर्यंत पोचले, रॅकेट पोचली नाही.

डुक्कर धापा टाकत उभा राहिला. "हा काय खेळ झाला?" त्याने चिडून विचारले.

"नाही झाला," ससा म्हणाला. "पण आज माझ्याकडे एवढाच होता."

नीलगायीने मान हलवली तसा कळप ओढ्याकडे वळला. वाहवा कुणीच केली नाही. कालचा खेळ काय सुरेख होता, असे म्हणत पोपट उडून गेले. टिटवी अंड्यांवरून उठली, चोचीने ती एकेक करून फिरवून ठेवली आणि पुन्हा बसली.

दुसऱ्या संध्याकाळी एका घोरपडीने सशाला सहज हरवले. त्याला वाईट वाटले, वाटणारच. पण हरला तो कुणी दुसरा ससा, असे मात्र या खेपेला तो म्हणाला नाही.

तात्पर्य : चांगल्या दिवसाच्या भरात शब्द देऊ नये, आणि दिलाच, तर वाईट दिवशी जे हाताशी असेल त्यानिशी तो पाळावा.